शेंड्याला हात लावू नका: कोल्हापुरात घरचं खरं ख्रिसमस ट्री

डिसेंबर लागला की आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "यंदा प्लॅस्टिकचं नको, खरं झाड आणायचं म्हणतोय. कुठं मिळंल?" मी उलट विचारते, "नाताळ झाल्यावर ठेवणार कुठं?" याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. पहिल्या वर्षी माझ्याकडेही नव्हतं. दरवर्षी तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

चित्रांत आणि सिनेमांत दिसतं ते झाड फर किंवा स्प्रूसचं असतं. आपल्या देशात ती झाडं हिमालयात वाढतात, कोल्हापूरच्या उन्हाळ्यात तग धरत नाहीत. त्यामुळे इथं खरं ख्रिसमस ट्री म्हणजे कुंडीतलं जिवंत झाड. ते पंधरा दिवस घरात पाहुणं म्हणून येतं आणि उरलेलं वर्ष गच्चीवर काढतं. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचं सगळं सोपं जातं.

१. आधी जागा, मग झाड

दोन जागा लागतात. घरातली जागा खिडकीजवळची, भरपूर उजेडाची हवी. वर पंखा नको, शेजारी फ्रीजची गरम पाठ नको, आणि जाता-येता पदर अडकेल अशी वाट नको. मग टेप घेऊन छतापर्यंतची उंची मोजा. त्यातून कुंडीची उंची वजा करा, कुंडी स्टुलावर ठेवणार असाल तर स्टूलही वजा करा, आणि वरच्या चांदणीसाठी फूटभर सोडा. दहा फुटी छताखाली चार-साडेचार फुटी झाड भरपूर होतं. नर्सरीत मोकळ्या आभाळाखाली सहा फुटी झाडही लहानच दिसतं, म्हणून आकडा कागदावर लिहून न्या.

दुसरी जागा वर्षभराची. गच्ची सोसायटीची असेल तर आधी विचारून घ्या. आमच्याकडे "गच्चीवर कुंड्या नकोत, गळती होते" हे झाड आणल्यावर कळलं, आणि जानेवारीचा अर्धा महिना झाड जिन्यात उभं होतं.

२. कोणतं झाड?

सुरू: कोकणात पाहुणे असले की सुरूच्या फांद्या आणायचा मोह होतोच. पहिल्या वर्षी आमच्या मेव्हण्यांनी देवगडहून, घरामागं वाऱ्यानं पडलेली चांगली सहा फुटी फांदी गगनबावड्यामार्गे गाडीच्या टपावर बांधून आणली होती. दिसली सुरेख. पण सुरूची ती 'पानं' म्हणजे खरं तर बारीक हिरव्या काड्या असतात, सांध्यासांध्यांनी जोडलेल्या. वाळल्या की सांध्यात तुटतात. पाचव्या दिवशी गव्हाणीतल्या मेंढरांवर, बाळ येशूवर, करंज्यांच्या डब्याच्या झाकणावर, सगळीकडे तो भुगा. वाळलेली सुरू पेटतेही पटकन. बादलीत ओली वाळू आणि पाणी ठेवून चार दिवस निभावतात, एवढंच. आणि किनाऱ्यावरच्या बनातली सुरू तोडू नका. ती बनं वाळू धरून ठेवायला लावलेली असतात.

मोरपंखी: स्वस्त, चिवट, कुठंही मिळते. कातरून शंकूचा आकार छान येतो. पण फांद्या उभ्या आणि एकमेकींना चिकटलेल्या असल्यामुळे त्यावर काही लटकत नाही, नुसतं चिकटून राहतं. टेबलावर ठेवायच्या दीड फुटी झाडाला मोरपंखी उत्तम.

गोल्डन सायप्रस: पोपटी-पिवळं, चुरगाळलं की लिंबासारखा वास. बघताक्षणी आवडतं. थंड हवेचं झाड आहे, एप्रिल-मे त्याला जड जातो. माझं होळीपर्यंत टिकलं.

अरोकेरिया: नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हटलं की बहुधा हेच दाखवतात, आणि घ्यायचं तर हेच घ्या. मधोमध सरळ खोड, त्यावर ठरावीक अंतरानं फांद्यांचे आडवे थर, दोन थरांमध्ये मोकळी जागा. लटकवायच्या वस्तूंसाठी जणू मुद्दाम सोडलेली. मूळचं प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं. कॅप्टन कुक १७७४ मध्ये तिथं पोचला तेव्हा ही सरळसोट खोडं पाहून जहाजांच्या डोलकाठ्या म्हणून त्याच्या डोळ्यांत भरली होती. याच्या जवळचं एक भावंड, न्यू कॅलेडोनियातलं कुक पाइन, तेही आपल्याकडे याच नावानं विकलं जातं. लहानपणी दोघांत फरक कळत नाही आणि आपल्या कामाला फरक पडतही नाही. फक्त एक सांगते, फरच्या झाडाचा जो वास वर्णनात वाचतो, तो याला नाही.

३. नर्सरीत काय बघायचं

दिवाळी झाली की लगेच जा. डिसेंबरच्या मध्याला गेलात तर उरलेसुरले वाकडे मिळतात आणि भावही चढलेला असतो. किंमत उंचीवर ठरते आणि दर फुटाला उडी मारते, म्हणून तीन फुटी घेऊन वाढवणं परवडतं.

पहिली गोष्ट, शेंडा. झाडाच्या टोकावर एकच सरळ कोंब हवा. तुटलेला, वाळलेला किंवा दोन फाटे फुटलेला असेल तर ते झाड कितीही हिरवं असो, सोडून द्या.

दुसरी, वाढ सरळ आहे का. यात एक फसवणूक असते, बहुतेकदा विकणाऱ्यालाही माहीत नसलेली. अरोकेरियाच्या आडव्या फांदीची काडी लावली तर तिला मुळं फुटतात, पण ती जन्मभर आडवीच वाढते. तिचं कधी उभं झाड होत नाही. अशी रोपं काठीला बांधून उभी केलेली असतात. काठीची सुतळी सोडून बघा. खोडाभोवती चारी बाजूंनी फांद्या निघाल्या असतील तर रोप खरं. फांद्या दोनच बाजूंना, पंख्यासारख्या, आणि सुतळी सोडताच रोप लवंडलं, तर परत ठेवा.

तिसरी, खालचे थर. याचा खालचा थर एकदा वाळून गळला की तिथं पुन्हा फांदी येत नाही. खाली फूटभर खोड उघडं पडलेलं झाड 'पुढं भरंल' असं सांगून गळ्यात मारतात. नाही भरत. मला सांगणारा मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाला होता, "वहिनी, दोन पावसात झाकून जातंय बघा." चार पावसाळे झाले.

चौथी, कीड. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर मिरपुडीसारखे ठिपके पडून ते चालू लागले तर लाल कोळी आहे. फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. दोन्ही घरात आणायची नाहीत.

शेवटी पिशवी उचलून तळ बघा. भोकांतून मुळांचं जाळं बाहेर आलं असेल तर झाड बरेच दिवस त्याच पिशवीत अडकलंय. घेता येईल, पण पावसाळ्यात कुंडी बदलावी लागेल.

४. घरी आणताना

जुन्या सुती साडीची पट्टी घ्या. खालच्या थरापासून सुरुवात करून फांद्या हलक्या हातानं वर उचलत, खोडाभोवती गोल गोल गुंडाळत शेंड्याच्या वीतभर आधी थांबा. छत्री मिटतो तसं. रिक्षातून आणताना कुंडी पायांत आणि शेंडा आतल्या बाजूला. बाहेर काढलेला शेंडा दसरा चौकातल्या गर्दीत कुणाच्या तरी हॅंडलला लागलाच म्हणून समजा.

आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका. सगळे हेच करतात: नवी सुंदर कुंडी, नवी माती, आणि आठवड्यात घरात सजावट. मुळं दुखावलेली, त्यात उजेड कमी, झाड पिवळं पडतं. नर्सरीच्या पिशवीसकट किंवा कुंडीसकट मोठ्या कुंडीत ठेवा. मोठी कुंडी कुंभार गल्लीत मातीची साधी मिळते, तीच घ्या. भोक आहे का ते बघून.

५. हाताशी काय हवं

छाटणीची धारदार कात्री, ती पुसायला स्पिरिट आणि फडकं. जाड हातमोजे, कारण पानांची टोकं टोचतात. झाडाहून फूटभर उंच बांबूची काठी, सुती पट्ट्या, कुंडीखाली ठेवायची खोल ताटली आणि चार विटांचे तुकडे. एलईडीची माळ, तीन पिनांचा चांगला एक्स्टेंशन बोर्ड. कुंडी झाकायला गोणपाट; मार्केट यार्डाच्या बाजूला धुतलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. कागदपत्रं काही लागत नाहीत. सोसायटीची चिठ्ठी सोडली तर.

६. छाटणी

अरोकेरियाची छाटणी म्हणजे जवळजवळ न करण्याची गोष्ट आहे, आणि लोक नेमकी इथंच चूक करतात. कात्री हातात आली की काहीतरी कापावंसं वाटतंच.

माझी चूक सांगते. आमचं पहिलं अरोकेरिया चांदणी लावल्यावर छताला चार बोटं लागत होतं. मी शेंड्याची टोकाची चार बोटं कापली. एवढंसं तर कापलं! नाताळ झकास झाला. मार्चमध्ये कापल्या जागेखालून दोन कोंब आले, दोघंही जोमानं वर निघाले, आणि पुढच्या वर्षी झाडाला दोन शिंगं. आता बैलासारखं दिसतं. शब्बाथशाळेची, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेची, मुलं त्याला 'बेंदूर ट्री' म्हणतात. उंची जास्त वाटली तर स्टूल काढा, कुंडी जमिनीवर ठेवा, चांदणी भिंतीवर लावा. शेंड्याला हात लावू नका.

तुमच्याकडून असं आधीच झालं असेल तर दोन कोंबांपैकी जाड आणि सरळ तो राखा, दुसरा बोटभर असतानाच मुळाशी कापा, आणि राखलेला काठीला बांधा. मी उशीर केला म्हणून माझं निस्तरलं नाही.

मग कापायचं काय? पूर्ण वाळलेली, तपकिरी झालेली फांदी, खोडापासून अर्धा इंच सोडून. वाळलेली टोकं. बस. बाजूच्या हिरव्या फांदीचं टोक 'आकार यावा' म्हणून छाटलं तर ती फांदी तिथंच खुंटते आणि भुंडी दिसते. एका बाजूला झाड विरळ असेल तर ती बाजू भिंतीकडे करा. देवानं भिंती त्यासाठीच दिल्यात.

मोरपंखीचं उलट. तिला कातरलेलं मानवतं, पण फक्त हिरव्या टोकांपुरतं. आतल्या तपकिरी काडीपर्यंत कात्री गेली की तिथं खळगा पडतो आणि तो सहसा भरून येत नाही. खालून वर जाताना कात्री आत तिरकी धरत जा, दर चार-पाच वेळा कापल्यावर मागं सरून बघा. सजावटीच्या आधी तीन आठवडे कातरा, म्हणजे कापलेली टोकं नाताळपर्यंत हिरवी होतात.

७. घराची सवय

गच्चीवरच्या उन्हातून थेट हॉलच्या कोपऱ्यात आणलं तर झाड दचकतं. १० तारखेच्या सुमारास आधी जिन्यातल्या किंवा बाल्कनीतल्या सावलीत चार-पाच दिवस ठेवा. पानांवर पाणी मारून धूळ उतरवा. उसाच्या हंगामात कोल्हापूरच्या गच्च्यांवर कारखान्यांची काजळी असतेच. मग घरात. आल्यावर दर दोन दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवा, नाहीतर झाड खिडकीकडे झुकतं. झुकण्यावरून आठवलं: ते जे भावंड सांगितलं, कुक पाइन, ते जगभर जिथं लावलंय तिथं विषुववृत्ताच्या दिशेनं कलतं असं २०१७ मध्ये अभ्यासकांना आढळलं. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. तुमच्या आवारातलं मोठं झाड कलत असेल तर माळ्याला बोलू नका.

८. दिवे

दिवे पहिले, वस्तू नंतर. माळ आधी जमिनीवर पसरून लावून बघा. झाडावर चढवल्यावर बंद निघालेली माळ उतरवताना फांद्या मोडतात. प्लगच्या बाजूनं सुरुवात करा, खोडाजवळून वर जात प्रत्येक थरात एखाद-दुसऱ्या फांदीवर टोकापर्यंत नेऊन परत आणा. चार फुटी झाडाला दहा मीटरची एक माळ पुरते. एलईडीच घ्या. जुने मिरची बल्ब तापतात आणि पानं करपवतात.

मेणबत्त्या झाडावर नकोत. जर्मन घरांत त्या लावायचे खरं, पण १८८२ मध्येच न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या सहकाऱ्यानं, एडवर्ड जॉन्सननं, झाडावर विजेचे ८० दिवे लावून ती कटकट मिटवली आहे. मेणबत्ती गव्हाणीपुढं लावा, झाडापासून दूर.

पाणी घालताना प्लग काढायचा. बोर्ड ताटलीशेजारी जमिनीवर ठेवायचा नाही, भिंतीला टांगायचा.

९. सजावट

चमच्याची कसोटी लावा. चहाचा चमचा दोऱ्यानं फांदीच्या मध्यावर अडकवा. फांदी दोन बोटांपेक्षा जास्त वाकली तर तिथं कागद, लोकर, थर्माकोल असल्याच वस्तू. जड काही असेल तर खोडालगत, खालच्या थरात.

वस्तू विकतच घ्यायला हव्यात असं नाही. दिवाळीचे छोटे आकाशकंदील निम्म्या भावात दिवाळीनंतर मिळतात. पितळी घुंगरांचे झुबके फार सुंदर दिसतात. आमच्याकडे हुपरीच्या नातेवाइकांनी दिलेल्या जुन्या पैंजणाचे घुंगरू आहेत, खिडकीतून वारा आला की वाजतात. एका वर्षी मुलानं कोल्हापुरी चपलांची किचेनं आणली, लाल गोंडेवाली, दिसायलाही गोड. सासूबाई म्हणाल्या, "प्रभूच्या झाडाला पायताण?" तो म्हणाला, "मेंढपाळ काय अनवाणी आले होते?" तोडगा असा निघाला की चपला गव्हाणीच्या दाराशी, मेंढपाळांनी काढून ठेवल्यासारख्या. अजून तिथंच ठेवतो.

खाण्याचं काही टांगू नका. बत्तासे टांगले होते. सकाळी खिडकीपासून शेंड्यापर्यंत मुंग्यांची कॅरल पार्टी.

कापसाचा बर्फ चिमटीनं नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, नाहीतर पानांच्या टोकांत अडकतो आणि फेब्रुवारीपर्यंत निघत नाही. फवाऱ्याचा बर्फ, सोनेरी रंग, चमकी जिवंत झाडावर अजिबात नको; पानं गुदमरतात.

चांदणीचा प्रश्न राहिला. अरोकेरियाचा शेंडा कोवळा असतो, त्याला पुठ्ठ्याचीही चांदणी पेलत नाही. म्हणून ती बांबूची काठी. खोडामागं कुंडीत खोल खुपसा, दोन-तीन ठिकाणी सुती पट्टीनं आठच्या आकड्यासारखा सैल वेढा देऊन खोडाला बांधा, आणि चांदणी काठीच्या टोकाला. समोरून काठी दिसत नाही. कामट्यांचा सांगाडा आणि पतंगाचा कागद वापरून घरी केलेली चांदणी सगळ्यात हलकी.

१०. त्या पंधरा दिवसांत पाणी

बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडं लागलं तरच पाणी. सणात घरात माणसं खूप, आणि प्रत्येकजण प्रेमानं तांब्याभर ओततो; एकाच माणसाकडे हे काम द्या. ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासानं ओतून टाका. कुंडी विटांच्या तुकड्यांवर ठेवलीत तर तळ पाण्यात बसत नाही. गोणपाटाऐवजी चकचकीत प्लॅस्टिक गुंडाळलंत तर आत पाणी साचलेलं कळतच नाही. माझं एक झाड असंच मुळाशी कुजलं, आणि पानं हिरवी असल्यामुळे ते मला जानेवारीच्या शेवटी समजलं.

११. नाताळानंतर

६ जानेवारीपर्यंत ठेवायची पद्धत असली तरी झाडासाठी १ तारखेची उपासना झाली की उतरवायला घ्या. आधी वस्तू, मग दिवे, शेवटी काठी. परत गच्चीवर नेताना पहिला आठवडा पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मग सकाळचं ऊन. थेट दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं पिवळी-पांढरी पडतात.

एप्रिल-मेमध्ये वर हिरवी शेडनेट. कुंडी बदलायची ती जूनमध्ये, पहिले चार पाऊस झाल्यावर: दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड. नदीकाठची काळी माती नको, पाणी धरून ठेवते. जुलैच्या झडीत कुंडी थोडी तिरकी करून ठेवा आणि वाऱ्यासाठी कठड्याला बांधा.

पाच-सहा वर्षांनी झाड घरात मावेनासं होतं. तेव्हा जमिनीत लावायचं तर भिंतीपासून लांब आणि विजेच्या तारांखाली नको. त्याच्या मूळ बेटावर ते ५० मीटरच्या वर जातं. आणि शहरात एकदा मोठं झाल्यावर ते आपल्या मर्जीनं तोडता येत नाही, १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. शेतात किंवा चर्चच्या आवारात जागा मिळाली तर उत्तम. आमचं दोन शिंगांचं झाड कागलजवळ दिरांच्या शेताच्या बांधावर लावलंय. २६ डिसेंबरला जेवायला तिकडेच असतो, आणि एका शिंगावर कुणीतरी चांदणी अडकवून ठेवलेली असते.